आभासी यंत्रे, वास्तव देयके

‘वांगणी’ म्हटले की मुंबईकरांना कर्जत मार्गावरील रेल्वे स्थानक आठवते. पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ पट्ट्यात, आणखी एक वांगणी आहे. या भागात रेल्वे पोहोचलेली नाही. शासनाचा संगणक मात्र पोहोचला आहे. सातबाऱ्याचा उतारा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, पीककर्जाची नोंद, बँक खात्यात जमा होणारे अनुदान या साऱ्यांसाठी येथील आदिवासी खातेदाराला तलाठ्याच्या दप्तराइतकेच दूरवरच्या सर्व्हरवर अवलंबून राहावे लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने २०१५ मध्ये विहित मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन उपलब्ध झाला. हा हक्क प्रत्यक्षात उतरतो तो सर्व्हरच्या आधारे, आणि सर्व्हर चालतो तो सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर. या साखळीतील सर्वांत कमी चर्चिला गेलेला दुवा म्हणजे हे परवानेच होत.

परवान्यांचा हिशेब हा आजवर संगणक विभागाचा अंतर्गत विषय मानला जात होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘ब्रॉडकॉम’ या अमेरिकी कंपनीने ‘व्हीएमवेअर’ ही कंपनी ताब्यात घेतली आणि हा समज मोडीत निघाला. एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवण्याची सोय करून देणारे व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर जगभरातील बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि सरकारी खाती यांच्या संगणक केंद्रांचा पाया होते. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मालकाने कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली आणि केवळ ठरावीक मुदतीच्या वर्गणीचा मार्ग खुला ठेवला. त्यानंतर नूतनीकरणाची देयके कित्येक पटींनी वाढल्याच्या तक्रारी अनेक देशांतून आल्या. ज्यांनी ‘एकदा घेतले, आता आपले झाले’ अशा समजुतीवर संगणक केंद्रे उभारली, त्यांना आपण मालक नसून भाडेकरू आहोत याची जाणीव झाली.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे

या प्रश्नाचे मूळ समजण्यासाठी आभासी यंत्र म्हणजे काय, हे पाहावे लागेल. पूर्वी एका कामासाठी एक सर्व्हर असे. पगारपत्रकाचा एक, ई-मेलचा दुसरा, लेख्यांचा तिसरा. यांतील बहुतेक सर्व्हर दिवसाचा बराचसा वेळ जवळपास रिकामेच बसत. वीज, वातानुकूलन आणि जागा यांचा खर्च मात्र पूर्ण होई. आभासीकरणाने, म्हणजेच व्हर्च्युअलायझेशनने, हे चित्र बदलले. एखाद्या मोठ्या वाड्याच्या खोल्या पाडून त्यांत अनेक बिऱ्हाडे ठेवावीत, तसे एका बळकट सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या साह्याने अनेक भाग करून प्रत्येक भागात स्वतंत्र ‘यंत्र’ चालवता येऊ लागले. ही कल्पना आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर १९६० च्या दशकातच आली होती. तथापि, १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती सामान्य सर्व्हरवर आणून रूढ केली.

आभासी यंत्राचे सर्वांत मोठे सामर्थ्य म्हणजे ते क्षणार्धात निर्माण करता येते, त्याची नक्कल काढता येते आणि एका लोखंडी सर्व्हरवरून दुसऱ्यावर, काम न थांबवता, हलवता येते. अनेक सर्व्हर एकत्र बांधून त्यांचा समूह केला, तर कोणते आभासी यंत्र कोणत्या क्षणी कोणत्या सर्व्हरवर असेल, हे ठरवण्याचे कामही सॉफ्टवेअरच करते. एखादा सर्व्हर बंद पडला तरी सेवा सुरू राहते, ती यामुळेच.

नेमका याच ठिकाणी परवान्याचा पेच निर्माण होतो. परवान्याचे करार ज्या काळात घडले, त्या काळात सॉफ्टवेअर ‘एका यंत्रावर’ बसवले जाई आणि ते यंत्र बोट ठेवून दाखवता येई. आता यंत्रच फिरते झाले. मग पैसे कशाचे मोजायचे? फिरणाऱ्या बिऱ्हाडाचे, ते सध्या ज्या खोलीत आहे त्या खोलीचे, की ते कधी काळी जाऊ शकेल अशा साऱ्या वाड्याचे? याचे उत्तर प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने दिले आहे.

माप विक्रेत्याच्या हाती

व्हीएमवेअरचाच इतिहास पाहिला, तर हे माप किती वेळा बदलले ते ध्यानात येते. आरंभी परवाना प्रोसेसरच्या संख्येवर होता. जुलै २०११ मध्ये कंपनीने त्याला आभासी यंत्रांना दिलेल्या मेमरीची मर्यादा जोडली. ग्राहकांचा रोष ओढवल्यानंतर ऑगस्ट २०१२ मध्ये ती मागे घ्यावी लागली. २०२० मध्ये एका प्रोसेसरच्या परवान्यात ३२ पर्यंतच कोअर धरले जाऊ लागले. कोअर म्हणजे प्रोसेसरमधील प्रत्यक्ष गणन करणारा घटक. ब्रॉडकॉमच्या काळात गणना थेट कोअरवर आली आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअरचे पैसे भरण्याची अट लागू झाली. सर्व्हर तोच, काम तेच. परंतु माप बदलले की देयक बदलते.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरचे उदाहरण नित्य परिचयाचे आहे. २०१६ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना कोअरवर मोजला जातो. ‘स्टँडर्ड’ प्रकारात सर्व्हरचे सर्व कोअर एकदा परवानाबद्ध केले, की दोन आभासी यंत्रांची मुभा मिळते. समजा, सर्व्हरमध्ये ३२ कोअर आहेत आणि त्यावर दहा आभासी यंत्रे चालवायची आहेत. तर ते ३२ कोअर पाच वेळा, म्हणजे एकूण १६० कोअरचे परवाने घ्यावे लागतात. ‘डेटासेंटर’ हा महागडा प्रकार घेतला, तर ३२ कोअरचे पैसे एकदाच भरून कितीही यंत्रे चालवता येतात. कोणता प्रकार स्वस्त, हे केवळ यंत्रांच्या संख्येवर ठरते आणि ती संख्या तर दर महिन्याला वाढत असते. शिवाय हे यंत्र आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर गेले, तर त्या सर्व्हरवरही पुरेसे परवाने आधीच असावे लागतात. एरवी एका सर्व्हरचा परवाना दुसऱ्याकडे वळवण्यास सर्वसाधारणपणे ९० दिवसांचे बंधन आहे. यंत्र सेकंदात हलते, परवान्याला तीन महिने लागतात. या विसंगतीतच अनेक संस्था नकळत नियमभंग करून बसतात.

ओरॅकलच्या डेटाबेसबाबत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरने केलेली सर्व्हरची विभागणी ही कंपनी परवान्याच्या मोजणीसाठी ग्राह्य धरत नाही. परिणामी, डेटाबेस जेथे चालतो तेवढाच भाग न मोजता तो जेथे चालू शकेल असे सर्व प्रोसेसर मोजले जावेत, असा तिचा आग्रह असतो. प्रत्येकी ३२ कोअरच्या चार सर्व्हरचा समूह आणि त्यावर चार कोअर दिलेले डेटाबेसचे एकच आभासी यंत्र, असे उदाहरण घेऊ. ओरॅकलच्या तक्त्यानुसार या प्रकारचे दोन कोअर म्हणजे एक परवाना. वापराच्या हिशेबाने येथे दोन परवाने पुरतात. समूहाच्या हिशेबाने ६४ लागतात. ‘एंटरप्राइझ’ आवृत्तीच्या ४७,५०० डॉलर या यादीतील दराने पहिला आकडा ९५ हजार डॉलर होतो, तर दुसरा ३० लाख ४० हजार डॉलर. त्यावर वार्षिक देखभालीचे २२ टक्के निराळेच. बिऱ्हाड एका खोलीत आणि घरपट्टी साऱ्या वाड्याची, असा हा प्रकार आहे. विशेष म्हणजे विभागणीविषयीचे हे धोरण ज्या कागदावर आहे, तो कागद माहितीपुरता असून कराराचा भाग नाही, असे त्याच कागदावर नमूद केलेले आहे. करारात नसलेली गोष्ट देयकात कशी येते, हा वादाचा मुद्दा वर्षानुवर्षे धुमसत आहे.

न्यायालयाची पायरी

चॉकलेट उत्पादक ‘मार्स’ कंपनीने २०१५ मध्ये याच वादावरून कॅलिफोर्नियातील न्यायालयात ओरॅकलविरुद्ध धाव घेतली. ज्या सर्व्हरवर ओरॅकलचे सॉफ्टवेअर चालतच नाही, त्यांचीही माहिती लेखापरीक्षणात मागितली जात असल्याचा मार्सचा आक्षेप होता. निकाल लागण्यापूर्वीच प्रकरण मिटले. त्यामुळे मूळ प्रश्नाचे उत्तर कायद्याने मिळाले नाही.

ब्रॉडकॉमविरुद्धची प्रकरणे अधिक बोलकी आहेत. ‘एटी अँड टी’ या दूरसंचार कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल केला. सुमारे ८,६०० सर्व्हरवर ७५ हजार आभासी यंत्रे चालवणाऱ्या या कंपनीने, आपल्याला १,०५० टक्के दरवाढ सुचवण्यात आल्याचे म्हटले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा वाद तडजोडीने मिटला. नेदरलँड्समध्ये रस्ते आणि जलमार्गांचे काम पाहणाऱ्या ‘राइक्सवाटरस्टाट’ या सरकारी संस्थेला मात्र न्यायालयाने जून २०२५ मध्ये दिलासा दिला. ही संस्था दुसऱ्या व्यवस्थेकडे स्थलांतर करीपर्यंत, कमाल दोन वर्षे, ब्रॉडकॉमने तिला साह्य करावे, असा आदेश हेगच्या न्यायालयाने दिला. धरणे आणि जलद्वारे यांच्याशी निगडित यंत्रणा परवान्याच्या वादामुळे उघड्यावर पडू नयेत, हा विचार भारतीय प्रशासनालाही परका वाटू नये.

भारतातील एका घटनेने या प्रश्नाला वेगळेच परिमाण दिले. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये रशियाशी संबंधित निर्बंध जाहीर केल्यानंतर मायक्रोसॉफ्टने ‘नायरा एनर्जी’ या भारतातील तेल कंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या. पूर्ण पैसे भरलेले परवाने असूनही स्वतःच्याच माहितीपर्यंत पोहोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. परंतु जामनगरजवळच्या वाडिनारला शुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीची ही अवस्था होऊ शकते, तर सामान्य नगरपालिकेचे किंवा सहकारी बँकेचे काय, हा प्रश्न मागे उरलाच.

कायद्याची दुधारी तलवार

भारतीय कायदा या बाबतीत ग्राहकाला फारशी सवलत देत नाही. प्रतिमुद्राधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या ६३ ब या कलमानुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘जाणूनबुजून’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पण चूक अजाणता झाली हे दाखवायचे, तर आधी संस्थेकडे काही नोंद असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनिअरिंग अॅनालिसिस सेंटर’ प्रकरणात करआकारणीच्या संदर्भात असे स्पष्ट केले, की अशा व्यवहारात ग्राहकाला सॉफ्टवेअरची प्रत वापरण्याची मुभा मिळते, प्रतिमुद्राधिकार मिळत नाही. त्या निकालाचा विषय कराचा होता, तरी ग्राहकाची मर्यादा त्यातून लख्ख दिसते.

कायमस्वरूपी परवाना हाती आहे म्हणून निर्धास्त राहणेही परवडत नाही. देखभालीचा करार संपला, की नव्या दुरुस्त्या मिळणे थांबते. अत्यंत गंभीर त्रुटींसाठी ब्रॉडकॉमने काही अपवाद जाहीर केला असला, तरी नियमित सुधारणांचा मार्ग बंदच राहतो. दुरुस्ती न केलेल्या व्यवस्थेचे काय होते, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसले. व्हीएमवेअरच्या एका त्रुटीवरची दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच उपलब्ध होती. ती न बसवलेले जगभरातील हजारो सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. एका सर्व्हरवर दहा-वीस आभासी यंत्रे असतील, तर एका घावात ती सारीच बंद पडतात. वाड्याचा पाया खचला, तर कोणतेच बिऱ्हाड वाचत नाही. म्हणजेच परवान्याचा प्रश्न हा अखेर सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

महाराष्ट्राच्या दारात

महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. राज्य माहिती केंद्रात ‘महाक्लाउड’ उभारून शासनाने आभासीकरणाचा लाभ लवकर घेतला. जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड वापराचे धोरणही राज्याने जाहीर केले. तोवर मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रे २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत, तर अॅमेझॉनची २०१६ मध्ये मुंबईत सुरू झाली होती. माहिती राज्याच्या हद्दीत राहण्याची सोय झाली आणि यंत्रे विकत घेण्याचा भार कमी झाला.

परंतु क्लाउडवर गेल्याने परवान्याची चिंता मिटते, हा भ्रम आहे. स्वतःचे जुने परवाने क्लाउडवर नेता येतील की नाही, हे पुन्हा विक्रेताच ठरवतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने बदललेल्या अटींनुसार, त्यानंतर घेतलेले काही परवाने, सोबत देखभाल हमी नसल्यास, मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या राखीव सर्व्हरवर वापरता येत नाहीत. म्हणजे घर बदलले, तरी जुन्या घराचे फर्निचर नेण्याची परवानगी वेगळी मागावी लागते.

सहकार क्षेत्राची अडचण याहून नाजूक आहे. देशातील सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आग्रहाने त्यांनी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनी कोअर बँकिंग स्वीकारले. बऱ्याच लहान बँकांना स्वतःचे संगणक केंद्र परवडत नाही. त्या सेवा पुरवठादाराच्या सामायिक सर्व्हरवर आपला संसार मांडतात. तेथे परवाना कोणाच्या नावे आहे, बँकेच्या की पुरवठादाराच्या? वापर वाढला, तर फरक कोण भरणार? पुरवठादार बदलायचा झाल्यास माहिती कोणत्या रूपात परत मिळणार? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयी निर्देश काढले, तेव्हा करारातून बाहेर पडण्याच्या नियोजनावर भर दिला होता. मात्र सर्वांत लहान स्तरांतील नागरी बँका त्या निर्देशांच्या कक्षेबाहेर होत्या. ज्यांना संरक्षणाची गरज अधिक, त्यांच्यावरच नियमाची छाया नसावी, हा विरोधाभास आहे.

नसलेली नोंदवही

शासकीय कार्यालयात खुर्ची आली, की तिच्या पाठीवर क्रमांक रंगवला जातो आणि जडवस्तू नोंदवहीत तिची नोंद होते. कपाट, पंखा, घड्याळ यांची वर्षातून एकदा पडताळणी होते. लक्षावधी रुपयांच्या सॉफ्टवेअर परवान्याला मात्र पाठ नसते, म्हणून त्यावर क्रमांक रंगवला जात नाही. निविदेच्या धारिकेत एक कागद, पुरवठादाराच्या ई-मेलमध्ये एक किल्ली आणि बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या स्मरणात एक आकडा, अशी त्याची विखुरलेली नोंद असते. विक्रेत्याचे लेखापरीक्षण येते तेव्हा त्याच्याजवळ मोजणीची साधने असतात, आणि ग्राहकाजवळ खंडनासाठी काहीच नसते. ज्याची वही त्याचाच हिशेब खरा ठरतो.

यावरचे उपाय अवघड नाहीत; त्यांना सातत्य लागते. पहिला उपाय म्हणजे खुर्च्यांप्रमाणेच परवान्यांची नोंदवही ठेवणे. कोणता परवाना, कोणत्या मापाने, कोणत्या सर्व्हरसाठी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि मूळ करार कोठे, एवढे पाच रकाने त्यासाठी पुरेत. दर तिमाहीला प्रत्यक्ष चालू असलेल्या आभासी यंत्रांशी त्याचा ताळा घेतला जावा. चाचणीसाठी निर्माण केलेली आणि विसरून गेलेली यंत्रे, हाच बहुधा सर्वांत मोठा अनावश्यक खर्च निघतो.

दुसरा उपाय रचनेचा आहे. महागडे डेटाबेस सॉफ्टवेअर मोठ्या समूहात मोकळे न सोडता त्यासाठी लहान, स्वतंत्र सर्व्हर राखून ठेवावेत. त्यामुळे लवचिकता थोडी घटते, पण वाद उद्भवण्याची शक्यता आणि परवान्यांची संख्या दोन्ही कमी होतात. तिसरा उपाय निविदेचा आहे. मोजणीचे माप, मुदतीतील दरवाढीची कमाल मर्यादा, लेखापरीक्षणाची पद्धत आणि करार संपताना मिळावयाचे साह्य ही कलमे निविदेतच लिहिली गेली पाहिजेत. खरेदीनंतर ती मागण्याला अर्थ उरत नाही.

चौथा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. केंद्र शासनाने मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले. लिनक्समध्ये २००७ पासून अंतर्भूत असलेली ‘केव्हीएम’ ही व्यवस्था आभासी यंत्रे चालवण्यास समर्थ आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने तर मुक्त घटकांवर आधारित ‘मेघदूत’ ही क्लाउड व्यवस्था विकसित केली. तथापि, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर फुकटात चालत नाही. त्यासाठी जाणते मनुष्यबळ, चाचणी आणि स्थलांतराचा काळ लागतो. आभासीकरणाचा थर बदलला, तरी त्यावर चालणाऱ्या विंडोज किंवा ओरॅकलचे परवाने तसेच राहतात, हेही विसरता येत नाही. तरीही पर्याय हाताशी असणे हेच वाटाघाटीतील मोठे बळ असते. पर्याय नसलेल्या ग्राहकाला दर सांगितला जातो, विचारला जात नाही.

या खर्चाचा भार अखेर कोणावर पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. खासगी कंपनी वाढीव देयक मालाच्या किमतीत मिळवू शकते. शासन किंवा सहकारी बँक ते दुसऱ्या कशातून तरी कापते: नव्या सेवा केंद्रातून, प्रशिक्षणातून, देखभालीतून. जेथे दुसरे सेवा केंद्र जवळपास नाही, जेथे उतारा आज मिळाला नाही तर उद्याची मजुरी बुडवून पुन्हा यावे लागते, तेथे ही कपात सर्वांत आधी जाणवते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील खातेदाराने परवान्याचा करार पाहिलेला नसतो आणि पाहण्याचे कारणही नाही. तो करार त्याच्या वतीने ज्यांनी केला, त्यांनी तो वाचला होता काय आणि त्याची नोंद कोठे आहे, एवढे मात्र लेखापरीक्षकांनी आणि लोकप्रतिनिधींनी दरवर्षी विचारायला हवे.